पदार्थांची ऊष्मागतिकी: सूत्रं पाठ न करता, आलेख काढत शिकायची वाट

शिसं साधारण ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. ३०० ला का नाही?

हा प्रश्न मला एका मित्राने विचारला तेव्हा मी ऊष्मागतिकीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेलो होतो. मॅक्सवेलचे चारही संबंध तोंडपाठ होते. कार्नो चक्राची कार्यक्षमता झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. पण ‘तो त्याचा वितळणबिंदू आहे’ यापलीकडे मला काही सुचलं नाही. मग सगळा विषय पुन्हा शिकलो, वेगळ्या क्रमाने. तो क्रम इथे मांडतो आहे.

बहुतेक अभ्यासक्रम वायूने भरलेल्या दट्ट्यापासून सुरू होतात, कारण इतिहासात विषय वाफेच्या इंजिनापासून सुरू झाला. धातू, सिरॅमिक किंवा अर्धवाहक शिकणाऱ्याला मात्र दट्ट्या क्वचितच भेटतो. त्याला भेटतात घन, द्रव, मिश्रधातू, ऑक्साइड. या सगळ्यांना एका चौकटीत बसवण्याचं काम अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्जने १८७५ ते १८७८ या काळात छापलेल्या प्रदीर्घ लेखात केलं. आपणही तिथूनच आत शिरू.

लागणारं सामान थोडं आहे: लॉगॅरिदम आणि डेरिव्हेटिव्हची ओळख, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, आलेखाचा कागद आणि पट्टी. संगणक शेवटच्या पायरीला. रोज तासभर दिला तर चार-पाच महिन्यांत पाया पक्का होतो असा माझा अंदाज आहे.

पायरी १: एकच प्रश्न, दोन रेषा

तापमान आणि दाब ठरलेले असताना कुठल्या रूपाची गिब्ज ऊर्जा सर्वांत कमी आहे? पदार्थांच्या ऊष्मागतिकीतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी इथे येऊन ठेपतो. गिब्ज ऊर्जेचं सूत्र असं: जी = एच − टी × एस. एच म्हणजे एन्थाल्पी. अणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत याचा हिशेब तिच्यात येतो. एस म्हणजे एन्ट्रॉपी. तीच अवस्था अणूंच्या पातळीवर किती निरनिराळ्या प्रकारे साकारता येते त्याचं माप. टी म्हणजे केल्विनमधलं तापमान. थंडीत एचचं वजन जास्त, तापवलं की एसचं.

हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, आकडे घाला. बर्फ वितळताना मोलमागे ६०१० ज्यूल लागतात आणि एन्ट्रॉपी केल्विनमागे २२.० ज्यूलने वाढते. उणे १० अंशाला, म्हणजे २६३.१५ केल्विनला, वितळण्यातला जीमधला फरक येतो ६०१० − ५७८९ = अधिक २२१ ज्यूल. जी वाढते आहे, म्हणजे बर्फ वितळणार नाही. अधिक १० अंशाला तोच फरक उणे २१९. वितळेल. मधे कुठेतरी तो शून्य होतो, आणि ते तापमान म्हणजे ६०१० भागिले २२.०. करून बघा, २७३ येतात.

आता कागदावर आडवं तापमान आणि उभी जी घेऊन दोन रेषा काढा, एक घनाची, एक द्रवाची. दोन्ही खाली उतरतात, कारण रेषेचा उतार म्हणजे उणे एन्ट्रॉपी. द्रवाची एन्ट्रॉपी जास्त, म्हणून तिची रेषा जास्त वेगाने उतरते आणि कुठेतरी घनाच्या रेषेला छेदते. तो छेद म्हणजे वितळणबिंदू. ३०० अंशाला शिसं का वितळत नाही, याचं उत्तर या चित्रात आहे: तिथे घनाची रेषा अजून खाली असते. (खऱ्या रेषा किंचित वाकतात, कारण एन्ट्रॉपीही तापमानाबरोबर वाढते. सुरुवातीला सरळ काढल्या तरी चालतं.)

पुढचा आठवडा हेच वेगवेगळ्या पदार्थांसाठी करा. वितळण्याची एन्थाल्पी भागिले वितळणबिंदू. शिशासाठी सुमारे ७.९ ज्यूल, तांब्यासाठी ९.८, ॲल्युमिनियमसाठी ११.५. धातूंचे आकडे एका टप्प्यात घुटमळतात. मग सिलिकॉन घ्या: जवळजवळ ३०! इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. घन सिलिकॉनमध्ये प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना ठराविक दिशांनी बांधलेला असतो. वितळला की ते बंध मोडतात आणि द्रव चक्क धातूसारखा वागतो. तांब्यात असा कायापालट होत नाही. एका भागाकारातून बंधांबद्दल इतकं कळतं, म्हणून आकडेमोडीला कंटाळू नका.

त्याच आकड्यांतून अतिशीतनाचाही हिशेब निघतो. द्रव तांबं वितळणबिंदूच्या ५० अंश खाली नेलं, तर घन होण्याची ओढ किती? वितळण्याची एन्थाल्पी १३,२६० गुणिले ५० भागिले १३५८, म्हणजे मोलमागे सुमारे ४९० ज्यूल. वितळण्याच्या उष्णतेच्या मानाने ही ओढ अगदीच किरकोळ आहे, आणि घनाचा पहिला कण जन्माला घालण्यासाठी लागणारी पृष्ठऊर्जा एवढ्याशा भांडवलातून भागवावी लागते. म्हणूनच स्वच्छ द्रव गोठणबिंदूखालीही बराच वेळ द्रव राहू शकतो.

पायरी २: तक्ते वाचायला शिका

ही पायरी रूक्ष आहे, पण निम्म्या चुका इथेच होतात. एन्थाल्पीला निरपेक्ष शून्य नाही, म्हणून संकेत ठरवला आहे: २९८.१५ केल्विन आणि १ बार दाबाला मूलद्रव्याच्या स्थिर रूपाची एन्थाल्पी शून्य. एन्ट्रॉपीला मात्र ऊष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमामुळे (निरपेक्ष शून्य तापमानाला परिपूर्ण स्फटिकाची एन्ट्रॉपी शून्य) खरं शून्य आहे, त्यामुळे तक्त्यात मूलद्रव्याचीही एन्ट्रॉपी शून्य दिसत नाही. परिणामी एका तक्त्यात शुद्ध लोखंडाची जी शून्य असते, कारण तो ‘तयार होण्याची’ ऊर्जा देतो. दुसऱ्यात तीच उणे आकड्यात असते. दोन्ही बरोबर आहेत. त्यांची सरमिसळ केली तर उत्तर चुकणारच.

वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवा: तापमान केल्विनमध्ये; एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये दिलेली असते, ती एका मापात आणा; आकडा नेमका कशाच्या मोलमागे आहे ते बघा; लॉगॅरिदम नैसर्गिक आहे की दहाच्या पायाचा ते तपासा. मी पहिल्या महिन्यात या चारही चुका केल्या, काही दोनदा.

उष्माधारकतेचं (तापमान एक अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेचं) समाकलन करून एच आणि एस दुसऱ्या तापमानाला नेणंही इथेच शिकून घ्या. दोन-तीन गणितं पुरेत. उत्तर तपासायला एक सोपी खूण: घन मूलद्रव्यांची उष्माधारकता खोलीच्या तापमानाला बहुतेक वेळा ३ आर (आर म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४), म्हणजे मोलमागे, केल्विनमागे २५ ज्यूलच्या आसपास असते.

पायरी ३: दाब, आणि हिऱ्याचं गणित

दाब वाढवला की जी वाढते, आणि वाढीचा दर म्हणजे आकारमान. त्यामुळे दाबाखाली ज्या रूपाला जागा कमी लागते ते जिंकतं. हिरा घ्या. खोलीच्या तापमानाला ग्रॅफाइटपेक्षा त्याची जी मोलमागे सुमारे २९०० ज्यूलने जास्त असते. एक मोल ग्रॅफाइट ५.३० घन सेंटिमीटर जागा घेतं, हिरा ३.४२. फरक १.८८. आता २९०० ला ०.००००००१८८ नव्हे, ०.०००००१८८ घनमीटरने भागा (शून्यं मोजताना इथेच घसरायला होतं). सुमारे १.५ अब्ज पास्कल, म्हणजे वातावरणाच्या पंधरा हजार पट दाब. तेवढ्याला ग्रॅफाइट आणि हिरा समतोलात येतात.

मग कारखान्यात ५-६ अब्ज पास्कल दाब, १३०० ते १५०० अंश तापमान आणि वितळलेला धातू कशाला वापरतात? कारण खोलीच्या तापमानाला कार्बनचे अणू जागचे हलतच नाहीत, आणि हलावेत म्हणून तापवलं की समतोलाचा दाबही वर सरकतो. अंगठीतला हिरा ग्रॅफाइट होत नाही त्याचंही कारण तेच. ऊष्मागतिकी उतार कुठल्या बाजूला आहे ते सांगते. घरंगळायला किती वेळ लागेल याबद्दल ती गप्प असते.

स्वतःला घालण्यासारखं एक कोडं: कथिलाचं पांढरं रूप १३.२ अंशांच्या वर स्थिर असतं, राखाडी रूप त्याखाली. राखाडी रूप सुमारे सव्वापट जागा घेतं. दाब वाढवला तर १३.२ चा आकडा कुठे जाईल? (खाली. दाटीवाटीचं पांढरं रूप आपला प्रदेश वाढवतं.)

पायरी ४: मिश्रण, म्हणजे विषयाचा गाभा

इथे सगळ्यात जास्त दिवस घालवा. दोन प्रकारचे अणू एकत्र आले की मांडणीच्या शक्यता वाढतात. एन्ट्रॉपी म्हणजे शक्यतांच्या संख्येचा लॉगॅरिदम गुणिले एक स्थिरांक, हे बोल्ट्झमनचं सूत्र वापरून निम्मं-निम्मं मिश्रण मोजलं तर मोलमागे आर गुणिले लॉग २, म्हणजे ५.७६ ज्यूल प्रति केल्विन मिळतात. अणू कुठलेही असोत, मिसळण्याकडे एवढा कल फुकट मिळतो. त्याविरुद्ध असते अणूंची आवडनिवड. ती एका आकड्यात कोंबायची सगळ्यात साधी पद्धत म्हणजे नियमित द्रावणाचं प्रतिमान: मिसळण्याची एन्थाल्पी = ओमेगा × क्ष × (१ − क्ष). इथे क्ष म्हणजे एकूण अणूंमध्ये एका घटकाच्या अणूंचा वाटा. ओमेगा धन असेल तर अणूंना आपापल्या जातीचे शेजारी हवे असतात.

ओमेगा २०,००० ज्यूल घ्या, तापमान १००० केल्विन. क्ष ०.०५, ०.१०, ०.१५ असं करत ०.९५ पर्यंत मिसळण्याची जी हाताने काढा (एन्ट्रॉपी = −आर × [क्ष लॉग क्ष + (१ − क्ष) लॉग (१ − क्ष)], लॉग नैसर्गिक). हो, हाताने. पडताळ्यासाठी दोन आकडे: क्ष ०.५ ला उणे ७६३ ज्यूल, क्ष ०.१७ ला उणे ९६८. म्हणजे मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना खळगे. आता पट्टी घेऊन दोन्ही खळग्यांना एकाच वेळी स्पर्श करणारी रेषा काढा. ती ०.१७ आणि ०.८३ ला टेकेल. यामधल्या कुठल्याही संघटनाचं (घटकांच्या प्रमाणाचं) मिश्रण या दोन द्रावणांत फुटलं तर त्याची एकूण जी पट्टीवर येते, आणि पट्टी वक्राच्या खाली आहे. फेज डायग्राम म्हणजे कुठल्या तापमानाला आणि प्रमाणाला कोणत्या प्रावस्था (घन, द्रव अशी वेगवेगळी रूपं) असतात त्याचा नकाशा; त्यातला दोन प्रावस्थांचा प्रदेश असा जन्माला येतो.

हेच ८००, १२०० आणि १३०० केल्विनला करा. तापमान वाढेल तसे स्पर्शबिंदू जवळ येतात, आणि ओमेगा भागिले २ आर, म्हणजे सुमारे १२०३ केल्विनला उंचवटा नाहीसा होतो. प्रत्येक तापमानाचे स्पर्शबिंदू दुसऱ्या कागदावर तापमानासमोर टिंबांनी मांडा. टिंबं जोडली की घुमटासारखा आकार दिसतो, आणि तुमची पहिली फेज डायग्राम तयार झालेली असते. माझ्या बाबतीत हा विषय त्या संध्याकाळी उलगडला. वक्रता जिथे शून्य होते ते बिंदूही खुणावून ठेवा. १००० केल्विनला ते ०.२९ आणि ०.७१ ला येतात. त्यांच्या आत मिश्रणाला फुटायला बीजकणाचीही (नव्या प्रावस्थेच्या पहिल्या कणाचीही) गरज लागत नाही. याला स्पिनोडल विघटन म्हणतात.

इथे एक सापळा आहे, आणि चांगले चांगले विद्यार्थी त्यात अडकतात. वरच्या उदाहरणात खळग्यांचे तळ आणि स्पर्शबिंदू एकच आहेत, म्हणून ‘प्रणाली खळग्याच्या तळाशी जाते’ असं वाटू लागतं. ते चूक आहे. खात्री करायची तर तुमच्या प्रत्येक आकड्यात ३००० × क्ष मिळवा आणि वक्र पुन्हा काढा. तळ सरकतील, सामाईक स्पर्शिका तिरकी होईल, पण ती ०.१७ आणि ०.८३ लाच टेकेल. निर्णय स्पर्शिकेचा असतो. ही रेषा दोन्ही टोकांच्या उभ्या अक्षांना जिथे छेदते ती उंची म्हणजे त्या त्या घटकाचं रासायनिक विभव. दोन प्रावस्थांना एकच स्पर्शिका, म्हणजे प्रत्येक घटकाचं विभव दोन्हीकडे सारखं. पुस्तकात जी समतोलाची अट दोन ओळींच्या समीकरणात दिसते, ती ही.

हे जमलं की नव्या गोष्टीही पारखता येतात. २००४ पासून गाजत असलेल्या हाय-एन्ट्रॉपी मिश्रधातूंमध्ये पाच किंवा अधिक मूलद्रव्यं साधारण सारख्या प्रमाणात असतात. पाचांसाठी मिसळण्याची एन्ट्रॉपी आर गुणिले लॉग ५, म्हणजे १३.४ ज्यूल, १००० केल्विनला तिचा वाटा १३.४ किलोज्यूल. दोन मूलद्रव्यांच्या एखाद्या संयुगाची एन्थाल्पी याहून बरीच खोल असेल, तर एन्ट्रॉपी कितीही ‘हाय’ असली तरी संयुग वेगळं पडण्याचीच शक्यता जास्त.

पायरी ५: फेज डायग्राम आणि बर्फ-मिठाचा प्रयोग

शिसं-कथिलाची आकृती समोर घ्या. १८३ अंशाला युटेक्टिक (द्रव एकदम दोन घनांत गोठतो तो बिंदू), वजनाने ६१.९ टक्के कथिल. ४० टक्के कथिलाचा मिश्रधातू १८३ च्या किंचित वर असेल तर त्यात १८.३ टक्क्यांचा घन आणि ६१.९ टक्क्यांचा द्रव असतो. द्रवाचा वाटा काढायला समोरच्या बाजूची लांबी भागिले पूर्ण लांबी: २१.७ भागिले ४३.६, जवळजवळ निम्मा. लिव्हर रूल एवढाच आहे. विद्यार्थी यात चुकतात ते जवळची बाजू घेतल्यामुळे. तरफेवर जवळ बसलेला जड असतो हे आठवलं की चूक टळते.

गिब्जचा प्रावस्था नियम वाचून पटत नाही, बघून पटतो. चुरलेला बर्फ तीन भाग आणि मीठ एक भाग वजनाने घ्या, उष्णता रोखणाऱ्या भांड्यात कालवा आणि उणे २५ पर्यंत दाखवणारा थर्मामीटर ठेवून दर अर्ध्या मिनिटाला नोंद करा. मिश्रणात बोट घालू नका, त्वचा गोठते. तापमान झपाट्याने उतरतं आणि मग एका पातळीवर रेंगाळतं. पाणी-मीठ जोडीचा युटेक्टिक उणे २१.१ अंशाला आहे. बाहेरची उष्णता आत शिरते आणि कालवणं अपुरं पडतं, त्यामुळे तुमचा आकडा थोडा वर थांबेल.

तो रेंगाळतो का? घटक दोन, पाणी आणि मीठ. युटेक्टिकला प्रावस्था तीन: बर्फ, खारं पाणी आणि मिठाचं घनरूप (इतक्या थंडीत ते स्वतःबरोबर दोन रेणू पाणी बांधून ठेवणारं स्फटिक असतं). दाब ठरलेला. प्रावस्था नियमानुसार मुभा, म्हणजे मोकळेपणाने बदलता येणाऱ्या गोष्टींची संख्या = घटक − प्रावस्था + १ = २ − ३ + १ = शून्य. तिन्ही हजर असेपर्यंत तापमानाला हलायला जागाच नसते.

पायरी ६: एलिंगहॅमची आकृती

१९४४ साली रसायनशास्त्रज्ञ एलिंगहॅमने ऑक्साइड तयार होण्याची जी तापमानासमोर मांडली. प्रत्येक रेषा एक मोल ऑक्सिजनमागे असते, म्हणून रेषांची थेट तुलना करता येते. धातूंच्या रेषा चढतात, कारण एक मोल वायू घनात गडप होतो. कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइड होण्याची रेषा उतरते, कारण एका मोल वायूचे दोन होतात. म्हणून पुरेसं तापवलं तर ती बहुतेक धातूंच्या रेषांना कुठेतरी ओलांडतेच.

क्रोमियमचं गणित करा. किलोज्यूलमध्ये, क्रोमियमची रेषा: −७४० + ०.१६५ टी. कार्बनची: −२२३ − ०.१७५ टी. बरोबरीत ठेवल्या की टी = ५१७ भागिले ०.३४०, म्हणजे १५२० केल्विन, सुमारे १२५० अंश. आता कार्बन मोनॉक्साइडचा दाब १ बारवरून ०.०१ बारवर आणा. कार्बनच्या रेषेत २ × आर × टी × लॉग ०.०१ ची भर पडते आणि छेद १२४० केल्विनच्या आसपास येतो. निर्वात भट्टीचा खर्च लोक का सोसतात ते इथे दिसतं.

मात्र ही आकृती फक्त तिच्यात काढलेल्या पदार्थांचा विचार करते. क्रोमियमला कार्बनबरोबर कार्बाइड करायला आवडतं, त्यामुळे प्रत्यक्षात शुद्ध धातूऐवजी कार्बनने भरलेलं उत्पादन हाती येतं. रेषेवर एखादा कोपरा दिसला तर तिथे काहीतरी वितळलंय किंवा उकळलंय असं समजा. मॅग्नेशियमची रेषा १०९० अंशांच्या सुमारास एकदम चढते, कारण त्यापुढे धातूची वाफ झालेली असते.

मॅक्सवेलचे संबंध शिकायचे असतील तर आता शिका. आकारमान मोजणं सोपं आणि एन्ट्रॉपी मोजणं अवघड, म्हणून एकावरून दुसरी काढायची, हा त्यांचा उपयोग आता आपोआप कळेल.

पायरी ७: संगणक, पण शेवटी

पायरी ४ मधलं हाताने केलेलं गणित आधी पायथॉनच्या वीस-पंचवीस ओळींत लिहा. तुमचा घुमट आणि संगणकाचा घुमट एकमेकांवर बसला, की मग कॅलफॅड पद्धतीकडे वळा. तिच्यात प्रत्येक प्रावस्थेच्या जीसाठी तापमान आणि संघटनाचं बहुपदी सूत्र प्रयोगांशी जुळवून साठवलेलं असतं, आणि संगणक सगळ्यांत खालची सामाईक स्पर्शिका शोधतो. पायकॅलफॅड आणि ओपनकॅलफॅड मोफत मिळतात.

पहिल्या दिवशी शिसं-कथिल चालवा. युटेक्टिक १८३ ला आला नाही, तर प्रोग्रामला दोष देण्याआधी कुठल्या प्रावस्था यादीत घातल्या आहेत ते बघा. दुसऱ्या दिवशी लोखंड-कार्बन घ्या आणि मुद्दाम यादीशी खेळा. ग्रॅफाइट यादीत ठेवलं तर द्रवाचा युटेक्टिक सुमारे ११५३ अंशाला येतो. ग्रॅफाइट वगळून सिमेंटाइटवर (लोखंड आणि कार्बनच्या संयुगावर) सोडलं तर सुमारे ११४७ ला. पोलादाच्या पुस्तकांत छापलेली नेहमीची आकृती ही दुसरी आहे, म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर ती खऱ्या समतोलाची नाहीच. भट्टीतून ओतलेलं ओतीव लोखंड ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचं करडं होणार की सिमेंटाइटचं ठिसूळ पांढरं, याचा झगडा त्या सहा अंशांच्या फटीत सुरू होतो. थंड होण्याचा वेग आणि सिलिकॉनचं प्रमाण त्याचा निकाल लावतात.